सायकलीचा दिवा: पुण्याच्या रॉकेलपासून टोरांटोच्या चाकापर्यंत

पुणे हे सायकलींचे शहर होते, त्या काळी रात्री बिनदिव्याची सायकल चालवणे हा गुन्हा होता आणि डबलसीट जाणे हा दुसरा. माझ्या वडिलांच्या पिढीकडे पुढे अडकवायचा छोटा रॉकेलचा दिवा असे. खड्ड्यात हादरा बसला की तो विझे. हवालदाराने अडवले की "साहेब, आत्ताच विझला हो!" हे ठरलेले उत्तर, मग हवालदार हात लावून दिवा खरोखर गरम आहे का ते पाही. थंड निघाला तर दंड, नाहीतर चाकातली हवा तरी जायची.

आमच्या कॉलेजच्या दिवसांत हाताशी डायनॅमो होता. टायरवर घासणारी ती बाटली सहा व्होल्ट, तीन वॅट वीज देई, पायांत गोळे आणी, आणि चौकात थांबलो की दिवा गुल. मोटारवाल्याला आपण दिसायला हवे, नेमका तेव्हाच अंधार! इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने १९३६ साली डायनॅमो चाकाच्या हबमध्येच बसवला. त्याने घासाघीस गेली, पण थांबल्यावरचा अंधार राहिलाच.

इकडे टोरांटोत डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे ऑफिसातून सायकलने परतणारा अंधारातच निघतो. ऑन्टारिओच्या कायद्याप्रमाणे सूर्यास्ताआधी अर्ध्या तासापासून सूर्योदयानंतर अर्ध्या तासापर्यंत पुढे पांढरा किंवा पिवळसर दिवा आणि मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर लागतो. २०१५ साली बिनदिव्याचा दंड २० डॉलरवरून ६० ते ५०० डॉलर झाला. चाकातल्या दिव्याची मात्र सक्ती नाही. आडव्या रस्त्याने येणाऱ्याला आपली बाजू दिसते, आणि तीच काळी.

स्पोकमधले रिफ्लेक्टर अमेरिकन सरकारने १९७० च्या दशकात सक्तीचे केले. ते वाईट नाहीत; पण मोटारीचा झोत पडेल तेव्हाच चमकतात, आणि चौकात तो झोत आपल्यावर पडतो तोवर आपण बहुधा मोटारीच्या तोंडाशी पोचलेले असतो. स्पोकवर बसवलेला एलईडी दिवा स्वतःच उजळतो. चाक वेगात फिरले की ठिपक्याचे कडे दिसते. आपल्याकडे जळते कोलीत फिरवून पोरे हाच खेळ करत. गौडपादाचार्यांनी तर मांडूक्यकारिकेच्या चौथ्या प्रकरणाला 'अलातशान्ति' असे नाव दिले, ते याच कोलितावरून. त्यांना ते वर्तुळ भासच आहे हे दाखवायचे होते. आम्हाला तो भास मोटारवाल्याला व्हायला हवा!

डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात २००४-०५ साली ३,८४५ सायकलस्वारांवर एक प्रयोग झाला. निम्म्याहून थोड्या कमी लोकांना स्पोकवरच्या चुंबकांमुळे आपोआप पेटणारे, दिवसाही चालू राहणारे दिवे दिले. त्यांचे जखमी करणारे अपघात इतरांपेक्षा १९ टक्क्यांनी कमी नोंदले गेले. ते दिवे पुढचे आणि मागचे होते, बाजूचे नव्हेत, हे लक्षात ठेवावे. म्हणून माझे मत असे, की आधी पुढचा-मागचा दिवा घ्यावा आणि मगच चाकातला.

चाकातल्या दिव्याची खोडही जुन्या डायनॅमोसारखीच आहे. थांबलो की कडे जाते, ठिपका उरतो. शिवाय कडाक्याच्या थंडीत साधे अल्कलाइन सेल मंदावतात. तिथे लिथियमचे टिकतात. मी प्रत्येक चाकाला दोन दिवे लावतो, आणि जानेवारीत ते काढून रात्री घरात, रेडिएटरपासून थोडे दूर, ठेवतो.