लागतोय, पण धरत नाही

जतमधल्या एका गॅरेजात मी माझी जुनी बुलेट दाखवायला नेली होती. पुढच्या चाकात ड्रम ब्रेक. लिव्हर मुठीत पार आवळली तरी गाडी आपल्या सवडीने थांबायची. मिस्त्रींनी गाडी चार पावलं ढकलत नेली, दोनदा लिव्हर दाबून पाहिली, कान चाकाजवळ नेला आणि म्हणाले, "लागतोय, पण धरत नाही."

चार शब्दांत निदान झालं. 'लागतोय' म्हणजे केबल शाबूत आहे, कॅम फिरतोय, दोन्ही शू फाकून ड्रमला टेकतायत. 'धरत नाही' म्हणजे टेकल्यावरही चाक अडवण्याइतकं घर्षण तिथं उरलेलं नाही. लायनर काचेसारखा गुळगुळीत झालाय, नाहीतर ग्रीस पाझरलंय. बिघाड नेमका या दोन क्रियापदांच्या मधल्या जागेत होता. लायनर खोलून पाहिला तेव्हा तो खरंच चकाकत होता. तेव्हापासून ब्रेकभोवतीचे शब्द माझ्या कानाला जास्तच ऐकू यायला लागले.

जतच्या माळावर अशा ब्रेकने वर्षं निघतात. रस्ता सरळ, वळण दुरून दिसतं, समोर मेंढरांचा कळप आला तरी धूळ आधी दिसते. पण गुहागर-विजापूर हा रस्ता जतवरून जातो तसाच तो कुंभार्ली घाटातूनही जातो. मागे माणूस, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या आणि चिपळूणच्या अंगाला उतरणारी वळणं, अशा वेळी ड्रम तापतो. बंद डब्यातली ती उष्णता बाहेर पडायला वाट नसते आणि प्रत्येक वळणाला लिव्हर आणखी आत जाते. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे सरकतो. थांबवण्याचं बहुतेक काम पुढचं चाकच करतं. म्हणून पुढचा ड्रम काढून तिथं डिस्क बसवायची असं ठरलं. नुसती चकती बसवून हे काम होत नाही. हब बदलावा लागतो, कॅलिपर बसवायची जागा असलेला फोर्कचा पाय लागतो, हँडलवर मास्टर सिलिंडर येतो आणि केबलच्या जागी नळी.

या कामाला पोरं 'मॉडिफाय करणं' म्हणतात. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, फेरफार. पण जत तालुक्यात फेरफार म्हटलं की तलाठी आठवतो. जमीन बापाच्या नावावरून मुलाच्या नावावर गेली की गाव नमुना 6 मध्ये तिची नोंद होते, आणि ती नोंदवही म्हणजेच फेरफार. जिल्ह्याचंही असंच झालं. डफळ्यांचं जत संस्थान विलीन झाल्यावर हा भाग दक्षिण साताऱ्यात आला आणि 1960 मध्ये त्याच जिल्ह्याचं नाव सांगली झालं. गाडीच्या बाबतीत मात्र हा शब्द उच्चारताना थोडी धास्ती बाळगावी. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 याच फेरफारांबद्दल आहे, आणि नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी गाडीचा मेळ राहिला पाहिजे ही त्याची अपेक्षा रास्त आहे.

मिस्त्री हा शब्द आपण सुताराला, गवंड्याला, गॅरेजवाल्याला सरसकट लावतो. तो आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. मूळ 'मेस्त्र', म्हणजे उस्ताद, आणि त्याच्याही मागे लॅटिन 'मागिस्तेर'. कोकणात तो मेस्त्री राहिला; जतच्या पूर्वेला, जिथं घरात कानडी आणि बाजारात मराठी बोलतात, तिथंही मेस्त्रीच म्हणतात. त्याच लॅटिन शब्दापासून इंग्रजीत 'मास्टर' झाला. म्हणजे त्या दिवशी मिस्त्री हँडलवर मास्टर सिलिंडर बसवत होते तेव्हा एकाच पूर्वजाची दोन नातवंडं समोरासमोर होती. एक लिस्बनहून समुद्रमार्गे आलेलं, दुसरं लंडनहून सुट्या भागांच्या खोक्यातून.

पण या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त गुंतवलं ते 'शू' आणि 'कॅलिपर' या जोडीने. ड्रममधल्या तुकड्याला शू का म्हणायचं? युरोपातल्या घोडागाड्या उतारावर आल्या की गाडीवान मागच्या चाकाखाली लोखंडी खडाव सरकवायचा. चाक फिरायचं थांबून त्या खडावेवर घसरत जायचं. ती चाकाची वहाण. पुढे चाकावर दाबल्या जाणाऱ्या ठोकळ्यालाही तेच नाव मिळालं. आपल्या मिस्त्रींनी नाव घेतलं, पण विकत घेताना ते 'शूचा जोडा' मागतात. मराठीत जोडा म्हणजे जोडी आणि जोडा म्हणजे पायातलंही, त्यामुळे शब्द आपल्या घरात अगदी चपखल बसला.

आता कॅलिपर. चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा हा भाग. सोळाव्या शतकात इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता तोफेच्या नळीचा आणि गोळ्याचा व्यास मोजायचा वाकड्या पायांचा कंपास. 'कॅलिबर' मोजतो तो कॅलिपर. हे कॅलिबर फ्रेंच-इटालियनमधून मागे नेलं की अरबी 'कालिब' लागतो, अर्थ साचा. आणि बहुतेक कोशकार कालिबच्या मागे एक ग्रीक शब्द दाखवतात, ज्याचा अर्थ आहे लाकडी पाय. बूट शिवताना ज्यावर चामडं ताणतात तो लाकडी साचा. मराठीत त्याला फर्मा म्हणतात. हिंदीत त्यालाच कलबूत म्हणतात आणि तो शब्दही फारसीतून त्याच ग्रीक लाकडी पायापाशी पोचतो.

हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या कॅलिपरकडे बघत बसलो. आम्ही चाकातून वहाण काढली आणि तिच्या जागी जे बसवलं त्याचं नावही वहाणेच्या साच्यावरूनच आलेलं. तेही कुठल्या गाडीवर, तर बुलेटवर! बुलेट म्हणजे फ्रेंचमधला छोटा गोळा. तोफेचा गोळा मोजण्याच्या कंपासाचं नाव आज गोळीचं नाव घेतलेल्या गाडीला थांबवतं. हे नाव इंग्लंडात 1932 मध्ये ठेवलं गेलं आणि 1955 पासून ही गाडी मद्रासला बनू लागली. आमच्या आजोबांच्या पिढीला मात्र ती कधी बुलेट वाटली नाही. त्यांनी तिला तिच्या आवाजावरून नाव दिलं, फटफटी.

डिस्कचं नातं याहून घरगुती आहे. ग्रीकांच्या फेकायच्या थाळीवरून लॅटिन 'डिस्कुस' आणि त्यापासून इंग्रजीत डिस्क, डिश आणि डेस्क तिन्ही. बशीभर पोहे देणारी डिश आणि चाकातली चकती सख्ख्या बहिणी. आणि 'ड्रम'? जतमध्ये ड्रम म्हटलं की कुणाच्याही डोळ्यांपुढे चाक येत नाही. टँकरची वाट पाहत दारात मांडलेले निळे ड्रम येतात. म्हैसाळ योजनेचं पाणी तालुक्याच्या काही भागात आलं, पण शब्दाचा तो अर्थ इतक्यात पुसला जाणार नाही.

एका शब्दावर मात्र माझा राग आहे, तो म्हणजे ब्रेक ऑइल. तेल हा शब्द तिळापासून आला. तिळाचं ते तैल. मग खोबऱ्याचं, करडईचं, एरंडाचंही तेलच झालं आणि खोबरेल, करडेल, एरंडेल अशी त्याची शेपटी तयार झाली. परदेशी रॉक ऑइल आलं तेही त्या ओळीत रॉकेल होऊन उभं राहिलं. इंग्रजी ऑइल निघालं ऑलिव्हच्या फळातून. पण डिस्क ब्रेकच्या बाटलीत या अर्थाचं तेल मुळीच नसतं. तिथं असतो ग्लायकॉल जातीचा द्रव. त्यात कुणी इंजिनातलं खरं ऑइल ओतलं तर आतली रबरी सीलं फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. नाव तेलाचं म्हणून हात तेलाच्या डब्याकडे जातो, आणि अशी चूक घाटात जीव घेऊ शकते. 'ब्रेकचा द्रव' म्हणायला कुणी तयार होणार नाही हे मला कळतं. मग निदान बाटलीवरचा 'डॉट 4' तरी नीट वाचावा. हा द्रव ताजा असताना 230 अंशांच्या आत उकळू नये अशी अट आहे. हवेतली ओल शोषून घेतली की ती मर्यादा 155 पर्यंत खाली येते. उकळला की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, जोर पुढे पोचवत नाही.

नळीत अडकलेले बुडबुडे काढण्याच्या कामाला इंग्रजीत 'ब्लीडिंग' म्हणतात, जणू ब्रेकचं रक्त काढतायत. आपल्याकडे तुंबडी लावून रक्त काढायची रीत होती, तरी ब्रेकला कुणी तुंबडी लावली नाही. मिस्त्री म्हणतात, "हवा काढायची राहिलीय." माझ्या मते मराठी शब्द इथं इंग्रजीपेक्षा सरस आहे. द्रव वाहतो तो केवळ निमित्ताला, बाहेर काढायची असते ती हवाच. त्या दिवशी गॅरेजातला पोरगा लिव्हर दाबत होता आणि मिस्त्री कॅलिपरवरचा निप्पल सैल करून घट्ट करत होते. "दाब... धर... सोड." पारदर्शक नळीतून आधी फसफस आली, मग थेंब, मग अखंड धार.

खुद्द 'ब्रेक' शब्द आपल्याकडे दोन आले आणि देवनागरीत एक होऊन बसले. एक थांबवणारा, एक तोडणारा. म्हणून 'पावसाला ब्रेक' असा मथळा वाचला की मला क्षणभर कळत नाही, पाऊस थांबला की मधे सुटी घेतली. या भागात त्या दोहोंत पिकाच्या जिवाचं अंतर आहे. मराठीत उघडीप आहे आणि खंड आहे. उघडीप शेतकरी मागतो, खंडाने कापतो. असे शब्द टाकून 'ब्रेक' घेण्याचं काहीच कारण नाही.

इंग्रजीतला थांबवणारा ब्रेकही एकेकाळी घोड्याच्या तोंडातली कडी होता. आपणही खर्चाला लगाम घालतो. लगाम फारसी आहे. 'लागणे'शी त्याचं नातं जोडावंसं वाटतं, पण ते कानाला होणारे भास आहेत. कानडी वर्तमानपत्रं अशाच वेळी 'कडिवाण हाकु' म्हणतात, म्हणजे पुन्हा लगामच. मुसक्या, वेसण, कासरा, खीळ, सगळी नावं जनावरांच्या आणि गाडीच्या अंगाखांद्यावरची. बैलगाडीच्या चाकावर चढवायच्या लोखंडी पट्टीला तर आपण 'धाव' म्हणतो. चाकाची धाव झिजली, धाव बसवून आणली. इतकं सुंदर नाव असलेल्या चाकाला थांबवायचं साधन मात्र वेगळं नव्हतं. उतारावर खिलारांची मान आणि गाडीवानाच्या हातातला कासरा हेच काय ते.

म्हणून नाव उसनं आलं. पण क्रियापदं आपण कुणाकडून घेतली नाहीत. ब्रेक लागतो, धरतो, घासतो, चिकटतो, सुटतो, बसतो, उतरतो, जातो. 'गेला' म्हटलं की सगळ्यांना कळतं काय झालं. अपघाताच्या बातमीत चालक नेहमी 'करकचून' ब्रेक दाबतो. करकचून बांधतात ते कडब्याचं ओझं, दोर ताणून, गुडघा रोवून. हाताच्या त्या जोराची आठवण शब्दात राहिली आणि पायाखालच्या पेडलपर्यंत आली. 'थांबणे' तर संस्कृत 'स्तंभ'मधून आलेलं. थांबलं म्हणजे खांबासारखं उभं राहिलं. रस्त्यावर चाकाचा खांब झाला तर गाडी घसरते. म्हणूनच हल्लीच्या मोठ्या गाड्यांत एबीएस असतं, ते चाकाला थांबू देतं, खांब होऊ देत नाही.

काम संपलं तेव्हा ऊन कलत होतं. मी पैसे काढत होतो. मिस्त्री गाडी घेऊन विजापूरच्या दिशेला सुसाट गेले, दिसेनासे झाले, फटफट परत जवळ आली. गॅरेजच्या दारापुढे त्यांनी दोन बोटांनी लिव्हर ओढली. पुढचा फोर्क खाली दबला, मागचं टोक जरासं उचललं आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. मी काही विचारायच्या आत ते मागे वळून पोराला म्हणाले, "हिडीतद."

कानडीत हिडी म्हणजे धर. ब्रेक आता धरत होता.