गर्दी पाहून जमणारी गर्दी

नाटकगृहाच्या दारावर 'हाउसफुल्ल'ची पाटी लागली, की ज्याला त्या नाटकात फारसे स्वारस्य नव्हते तोही उद्याच्या तिकिटाची चौकशी करू लागतो. हा मनुष्यस्वभाव जुनाच आहे. परंतु गर्दी गुणांमुळे जमते की गर्दीमुळेच जमते, हे मोजून पाहण्याचे साधन मात्र इंटरनेटच्या काळातच संशोधकांच्या हाती आले. त्या थोड्या वर्षांचा इतिहास श्रोत्यांपुढे मांडण्याचा आमचा विचार आहे.

२३ एप्रिल २००५ रोजी यूट्यूबवर पहिली चित्रफीत चढली. सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभा राहून एक तरुण बोलतो आहे, एवढाच तिचा विषय. लांबी १९ सेकंद. कोणीही चित्रफीत करावी व कोणीही ती पाहावी, अशी सोय झाली. तेव्हा आता थोड्यांची मक्तेदारी संपेल, असे पुष्कळांना वाटले. २००७ साली मीयंग चा व त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्षावधी चित्रफितींचा हिशेब मांडला. निघाले काय? जितक्या वेळा चित्रफिती पाहिल्या गेल्या, त्यांपैकी सुमारे ८० टक्के वाटा वरच्या १० टक्के चित्रफितींनीच खाल्ला होता!

मग या १० टक्के चित्रफिती गुणांनी श्रेष्ठ होत्या काय? नुसत्या मोजणीने हे कळणार नव्हते. कारण एकदा घडलेले जग पुन्हा घडवून पाहता येत नाही. त्यावरची युक्ती २००६ सालीच प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात होती. कोलंबिया विद्यापीठातील मॅथ्यू सॅलगानिक, पीटर डॉड्स व डंकन वॉट्स यांनी अपरिचित कलावंतांची ४८ गाणी एका संकेतस्थळावर ठेवली. १४,००० हून अधिक लोक आले. एका गटाला गाणी तेवढी दिसत. उरलेल्यांची आठ निरनिराळ्या 'जगां'त वाटणी केली आणि आपल्या जगात कोणते गाणे कितीजणांनी उतरवून घेतले, तो आकडा त्यांना दाखविला. आठही जगांचा आरंभ शून्यापासून. तरी एकच गाणे एका जगात पहिले आले, तर दुसऱ्यात चाळिसावे! आकडा न पाहता ऐकणाऱ्यांत त्याचा क्रमांक सव्विसावा होता. फार चांगली गाणी सहसा बुडाली नाहीत, फार वाईट सहसा तरली नाहीत. मधल्यांचे नशीब मात्र आरंभीच्या काही श्रोत्यांवर अवलंबून राहिले.

२००८ साली सॅलगानिक व वॉट्स यांनी आकडेच उलटे करून दाखविल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. बहुतेक गाण्यांच्या बाबतीत खोटी कीर्ती खरी ठरली. सर्वोत्तम गाणी कालांतराने पुन्हा वर आली खरी; पण गाणी उतरवून घेण्याचे एकूण प्रमाणच घटले.

जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने याहून पुढचे पाऊल टाकले. ६,८९,००३ जणांवर आठवडाभर प्रयोग झाला; काहींच्या पानावरील आनंदाचा, तर काहींच्या पानावरील दुःखाचा मजकूर कमी करून त्यांच्या स्वतःच्या लिहिण्यात काय फरक पडतो ते पाहिले. फरक अगदी सूक्ष्म निघाला. पण २०१४ साली निबंध प्रसिद्ध होताच गदारोळ उठला. कारण या प्रयोगासाठी त्यांना वेगळे असे कोणी विचारलेच नव्हते.

तात्पर्य, पडद्यावरचा आकडा हा पंच नव्हे. तो कोणीतरी मांडलेला असतो, आणि आपण पाहत असताना आपल्यालाही कोणी पाहत असतो. टाळी वाजविण्यापूर्वी शेजाऱ्याच्या हाताकडे पाहण्याची सवय आपणां सर्वांनाच आहे. पण आरंभीच्या त्या काही श्रोत्यांत आपणही असू शकतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.