पथकाचा हिशेब

पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात फड, बेहडा अशा खात्यांच्या जोडीस सरंजामाचेही स्वतंत्र खाते होते. सरदाराने किती स्वार बाळगावेत आणि त्यांबद्दल त्यास किती ऐवज पोचावा, हे तैनातजाबत्यात आगाऊ ठरून, तितक्या वसुलाचा मुलूख त्यास लावून दिला जाई. परंतु खरी मेख हजिरीत होती. कागदावरचे स्वार मैदानात उभे राहतीलच असा भरवसा नसल्यामुळे माणसाचे व घोड्याचे वर्णन, अंगावरील खुणांसकट, नोंदवून गणतीच्या वेळी ताडून पाहावे लागे. उसन्या तट्टांवर गणती भागविण्याची युक्ती, मला वाटते, गणतीइतकीच पुरातन असावी. लढाईत घोडा पडल्यास शिलेदारास भरपाई मिळे. तेव्हा मात्र कारकून व शिलेदार या दोघांचेही लक्ष घोड्याच्या किमतीवरच खिळलेले असे.