शुगर : शिकलेली काळजी किती दिवस टिकते?

मधुमेह, म्हणजे आपल्या बोलण्यातली 'शुगर', निघाली की पहिले काही महिने माणूस सगळं नीट करतो. गोळी वेळेवर, चहा बिनसाखरेचा, रोज चालणं. पुढे हळूहळू सवय सुटते. २००२ मध्ये 'डायबेटिस केअर' या नियतकालिकात ३१ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. शिकवणी घेतलेल्यांची एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) शिकवणी संपताच इतरांपेक्षा ०.७६ अंकांनी जास्त उतरली होती. एक ते तीन महिन्यांनंतर हा फरक ०.२६ वर आला.

सीमाभागातली अडचण

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदकडचे अनेक जण उदगीर, लातूर, सोलापूरला दाखवतात आणि गोळ्या गावाजवळच्या सरकारी दवाखान्यातून घेतात. कागद कधी कन्नडमध्ये, कधी इंग्रजीत. आधीच्या डॉक्टरांनी शिकवलं असेल, असं नव्यांना वाटतं आणि उजळणी राहून जाते.

काय विसरतं?

• सुईची जागा : रोज एकाच ठिकाणी टोचलं तर गाठ होते, इन्सुलिन नीट लागू पडत नाही. जागा बदलत राहा.
• सिरिंज : ४० युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची, १०० च्या बाटलीला केशरी. गल्लत झाली तर डोस चुकतो.
• उन्हाळा : इन्सुलिन उन्हात ठेवू नका. फ्रीज नसेल तर पिशवीत घट्ट बांधून माठाच्या गारव्यात ठेवा. उघडलेली बाटली साधारण चार आठवडेच वापरा.
• पाय : रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. शेतात अनवाणी जाऊ नका.
• शुगर उतरणे : घाम, थरथर, ७० च्या खाली आकडा आला तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

उजळणी कधी?

निदान झाल्यावर, नंतर दरवर्षी, नवा त्रास सुरू झाल्यावर आणि डॉक्टर किंवा उपचार बदलल्यावर. जिल्हा आणि तालुका रुग्णालयांतल्या एनसीडी क्लिनिकमध्ये याबद्दल विचारता येतं. तिथे 'येतंय मला' म्हणून उठू नका. सुई कशी घेता ते करून दाखवा, घरचं एक माणूसही सोबत न्या.