जनरल नेपियरचे अर्कचित्र

लंडनच्या 'व्हॅनिटी फेअर' साप्ताहिकात एकेका बड्या असामीचे पानभर रंगीत अर्कचित्र यायचे. 1869 साली डिझरायलीपासून याची सुरुवात झाली. पुढे पुढे त्यात आपले चित्र येणे हा मानच समजला जाऊ लागला. जुलै 1878 मध्ये 'स्पाय' या टोपणनावाने काढणाऱ्या लेस्ली वॉर्डने तिथे लॉर्ड नेपियर ऑफ मॅग्डालाला आणले. रशियाशी युद्ध पेटलेच असते, तर इंग्रज फौज त्याच्या हाताखाली जायची होती.

मराठी माणसाला हा नेपियर अगदीच परका नाही. जून 1858 मध्ये ग्वाल्हेर पडल्यावर तात्या टोपेंचा पाठलाग करून जावरा-अलीपूरला त्यांच्या 25 तोफा हस्तगत करणारा तो हाच. मूळचा मात्र इंजिनीअर. 1826 साली बेंगॉल इंजिनीअर्समध्ये दाखल झाला. कालवे, छावण्या, पंजाबातले रस्ते यांत त्याची उमेदीची वर्षे गेली.

1865 मध्ये तो मुंबई फौजेचा सरसेनापती झाला. अबिसीनियाचा सम्राट टेवोड्रोस याने ब्रिटिश वकिलासह काही युरोपियनांना कैदेत टाकले होते. त्यांना सोडवायची मोहीम मुंबईहून निघाली. सुमारे 13,000 सैनिक, त्यांच्या दुप्पट नोकरचाकर आणि 44 हत्तीसुद्धा! झुला इथे धक्के बांधले, रूळ टाकले, समुद्राचे पाणी गोडे करायची यंत्रे बसवली. मग चारशे मैलांची डोंगरवाट. 13 एप्रिल 1868 रोजी मॅग्डाला पडले आणि टेवोड्रोसने स्वतःवर पिस्तूल झाडून घेतले. समोरचे शेकडो मेले, इंग्रजांचे मेलेले मात्र बोटांवर मोजण्याइतके. मोहीम खरी जिंकली ती इंजिनीअरने.

एवढ्यावर थांबले असते तर कौतुकच केले असते. पण गड लुटला गेला. शेकडो हस्तलिखिते हत्तींवरून खाली आली. त्यांतली कितीतरी आजही ब्रिटिश लायब्ररीत आहेत. टेवोड्रोसचा सात वर्षांचा मुलगा अलेमायेहू यालाही इंग्लंडला नेले. त्याची आई वाटेतच वारली.

नेपियरचे चित्र छापले गेले तेव्हा अलेमायेहू सतरा वर्षांचा होता, आणि इंग्लंडातच होता. पुढच्याच वर्षी, 1879 मध्ये, तो आजारपणात गेला. त्याला विंडसरला पुरले आहे. त्याच्या अस्थी परत द्या, अशी मागणी झाली. 2023 मध्ये राजवाड्याने तिला नकार दिला. शेजारच्या इतरांच्या अस्थींना धक्का लागेल, हे त्याचे कारण.

ते चित्र संग्राहक आजही हौसेने विकत घेतात. बघताना त्या मुलाचीही आठवण ठेवावी.