नत्राचं मूळ गाव

वडोदऱ्याच्या संग्रहालयात इजिप्तची एक ममी आहे. सयाजीराव गायकवाडांच्या काळात ती तिथे आली. आम्ही घरची मंडळी ती पाहत उभे असताना भाचीने विचारलं, "मामा, हे कुजलं कसं नाही?"

नॅट्रॉनमुळे. कैरोच्या वायव्येला वादी नत्रून नावाचं खोरं आहे. तिथल्या तळ्यांचं पाणी आटलं की काठाला पांढरा क्षार धरतो. तो कोरडा क्षार प्रेतावर चाळीसेक दिवस रचून ठेवत. देहातलं पाणी तो शोषून घेई. त्यात मुख्यतः सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट. हे ऐकून आई म्हणाली, "म्हणजे पापडखारच की!" तिचं बरोबर होतं, दोन्ही एकाच कुळातले.

प्राचीन इजिप्तच्या भाषेतलं या क्षाराचं नाव 'देव' या अर्थाच्या शब्दाशी जोडलं जातं. देवळातल्या शुद्धीलाही तो लागे, म्हणून ते नातं मला पटतं. ग्रीकांनी त्याचं नित्रोन केलं, अरबांनी नत्रून. पुढे नत्रूनवरून नॅट्रियम झालं, आणि सोडियमची 'एनए' ही खूण तिथली. शाळेत ही खूण आपण नुसती घोकतो. तिच्यामागचं खोरं एका वाक्यात सांगितलं तर मुलं ती कधी विसरणार नाहीत.

या नावाची दुसरी वाट अधिक वाकडी आहे. ग्रीक नित्रोनचं लॅटिनमध्ये नायट्रम झालं आणि युरोपात हळूहळू ते नाव सोऱ्याला चिकटलं, बंदुकीच्या दारूतल्या सोऱ्याला. १७९० मध्ये शाप्ताल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने सोऱ्यात सापडणाऱ्या वायूला नायट्रोजन म्हटलं. त्याच नावाच्या आधाराने मराठीत 'नत्र' घडला, आणि इतका बेमालूम की तो संस्कृतच वाटावा. नत्र, स्फुरद, पालाश म्हणणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडी असा नाईलकाठचा शब्द आहे. मूळ नॅट्रॉनमध्ये मात्र नत्राचा अंशही नाही! युरिया ज्यापासून करतात त्या अमोनियाचं नावही इजिप्तच्या आमून देवावरून आलेलं. खताच्या एका गोणीत दोन इजिप्शियन शब्द.

नॅट्रॉनसारखा क्षार आपल्याकडेही पिकत होता. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी सोड्याचंच. 'आईन-ए-अकबरी'तही लोणारच्या क्षाराची नोंद आहे. काच आणि साबण करायला तो वापरत. काठावर धरणाऱ्या थरांना दल्ला, पापडी, भुसकी अशी वेगवेगळी नावं होती. नत्रून जगभर फिरला, कारण त्याचा व्यापार झाला आणि तो ग्रंथांत शिरला. भुसकी लोणारलाच राहिली. रसायनाच्या मराठी पुस्तकात नत्राशेजारी हे शब्दही छापलेले मला पाहायचे आहेत.