बेथेलची पाटी

आमच्या आजीची दगडी पाटी अजून घरात आहे. लाकडी चौकटीचा एक कोपरा सुतळीने बांधलेला, मधोमध बारीक चीर. आजी बेथेलची. जालन्याजवळचं हे गाव वसवलं रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी. मुंबईत मिशनच्या शाळेत शिकलेला हा ब्राह्मण तरुण १८४३ मध्ये ख्रिस्ती झाला. त्याच्यामागोमाग मिशनऱ्यांकडे गेलेल्या धाकट्या भावाला, श्रीपतीला, कोर्टाने वडिलांच्या ताब्यात दिलं. त्याला परत जातीत घ्यावं म्हणून पत्रकार बाळशास्त्री जांभेकर झटले, आणि सनातन्यांचा रोष त्यांनीच ओढवून घेतला.

नारायणराव पुढे निजामाच्या मुलखात, जालन्याला आले. दिवाण सालारजंगांनी जमीन दिली. तिच्यावर घरं, चर्च आणि शाळा उभी राहिली. बेथेल म्हणजे हिब्रूत देवाचं घर. मला मात्र त्यातली शाळाच मोठी वाटते. ज्या मांग-महारांच्या पोरांना गावात कुणी ओट्यावर चढू देत नव्हतं, ती तिथे मांडी घालून बाराखडी गिरवू लागली. जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाने त्यांच्यासाठी हे उभारावं, ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती.

पाटी थुंकीने पुसलेली आजीला खपत नसे. ओलं फडकं हवं. आम्हा नातवंडांनाही तिने त्याच पाटीवर ‘अ’ काढायला लावला.